धूर मोजून तंबाखू कळत नाही: सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासनातील संबंधित अधिकारी

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातल्या धूम्रपानाचे आकडे ब्रिटनच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर आपण ही लढाई केव्हाच जिंकलो असे वाटेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, म्हणजे गॅट्स-२ मध्ये, राज्यातले विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले. ब्रिटनमध्ये २०२३ सालीसुद्धा ११.९ टक्के प्रौढ सिगारेट ओढत होते. पण त्याच गॅट्स-२ मध्ये पुढची ओळ वाचावी. कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे महाराष्ट्रात २६.६ टक्के आहेत आणि २४.४ टक्के लोक ती तोंडात धरतात. तंबाखू-चुना, मशेरी, मावा, खर्रा, गुटखा. यातल्या कशाचाच धूर होत नाही, म्हणून धूम्रपानाच्या तक्त्यात ही माणसे दिसत नाहीत.

दोन देशांची तुलना करू नये असे आमचे म्हणणे नाही. ती करावीच, कारण ब्रिटनने सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जे केले त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त काय मोजायचे हे आधी ठरले पाहिजे. या पत्रात तेवढेच मांडायचे आहे: ब्रिटनमध्ये नक्की कशाने फरक पडला, तेच उपाय आपल्याकडे कुठे अडकतात, आणि आपल्या विभागाच्या हातात असलेल्या कोणत्या गोष्टी लगेच बदलता येतील.

१९४८ साली ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष सिगारेट, पाइप किंवा सिगार ओढत होते. नुसत्या सिगारेटचे प्रमाण ६५ टक्के होते. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी असलेला संबंध दाखवला. १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेचा धूम्रपानावरचा अहवाल आला, १९६५ मध्ये टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, १९७१ पासून पाकिटावर इशारा छापला जाऊ लागला. एवढे होऊनही १९७४ मध्ये ५१ टक्के पुरुष आणि ४१ टक्के स्त्रिया सिगारेट ओढतच होत्या. पुरावा हाती आल्याला चोवीस वर्षे उलटली होती आणि तरीही दर दोन पुरुषांतला एक ओढत होता. नुसत्या माहितीने व्यसन सुटत नाही, हे त्या चोवीस वर्षांनी पुरेपूर दाखवले. शाळाशाळांत शपथ देऊन आणि फलक लावून काम झाले असे मानणाऱ्यांनी हा काळ जरूर अभ्यासावा.

नव्वदीनंतरची घसरण एकमेकांना धरून केलेल्या तीन-चार उपायांनी झाली. १९९३ पासून सिगारेटवरचा कर महागाईपेक्षा दरवर्षी किमान ३ टक्के जास्त वाढवायचा असे सरकारने जाहीर करूनच टाकले. १९९७ नंतर तो दर ५ टक्क्यांवर नेला. किंमत अचानक उडी मारत नव्हती, पण पुढच्या वर्षी ती वाढणारच हे ओढणाऱ्याला पक्के ठाऊक होते. १९९९ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सिगारेट सोडवण्याची मोफत केंद्रे उभी केली. २००३ मध्ये उरलेल्या जाहिराती गेल्या. १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी ओढणे बंद झाले आणि त्याच वर्षी विक्रीसाठीचे वय १६ वरून १८ झाले. २०१५ पर्यंत दुकानातली पाकिटे झाकली गेली. मे २०१७ पासून सगळी पाकिटे एकाच मळकट रंगाची झाली आणि २० पेक्षा कमी सिगारेटचे पाकीट विकणेच बेकायदा ठरले. २०११ मध्ये २०.२ टक्के असलेले प्रमाण २०२३ मध्ये ११.९ वर आले, ते या साऱ्याच्या जोरावर.

आता आपल्याकडे पाहू. २००९-१० च्या गॅट्स-१ आणि २०१६-१७ च्या गॅट्स-२ यांच्या दरम्यान महाराष्ट्रातले धूम्रपान ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आले. ही घट मूळ प्रमाणाच्या जवळजवळ ४२ टक्के आहे आणि कोणत्याही देशाला हेवा वाटावा अशी आहे. त्याच काळात तोंडातली तंबाखू २७.६ वरून २४.४ वर आली. ही घट जेमतेम १२ टक्क्यांची. आपले कायदे, दंड, फलक आणि जाहिराती धुराला लागू पडल्या. तोंडातल्या तंबाखूला त्या मानाने फारच थोड्या लागू पडल्या. २ ऑक्टोबर २००८ चे सार्वजनिक जागेतले नियम धूम्रपानाचे आहेत. एसटी स्टँडवर विडी पेटवणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारच्या बाकावर तंबाखू मळून बार भरणाऱ्याला त्या नियमाने कोणी काही म्हणू शकत नाही.

आकडे वाचताना होणारी एक चूकही इथेच सांगायला हवी, कारण ती वरचेवर दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातल्या ६.८ टक्के स्त्रिया तंबाखू घेतात असे आले होते, पाचव्या फेरीच्या माहितीपत्रकात ८.९ टक्के. यावरून स्त्रियांमधली तंबाखू वाढली असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पहिला आकडा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे, दुसरा १५ वर्षांवरील सगळ्यांचा. दुसऱ्यात आजीबाई आल्या, आणि मशेरीची सवय त्यांच्याच पिढीत सर्वाधिक. १५ ते ४९ याच वयोगटात पाचव्या फेरीचा आकडा ४ टक्के आहे, म्हणजे घट झाली आहे. ब्रिटनच्या बाबतीतही १९४८ चे ८२ टक्के आणि १९७४ चे ५१ टक्के थेट वजा करू नयेत, कारण पहिल्यात पाइप आणि सिगार आहेत, दुसऱ्यात फक्त सिगारेट.

दुसरा फरक मोजण्याच्या वेगाचा आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००६ पासून एक सर्वेक्षण दर महिन्याला चालते. कर वाढला, कायदा आला, की त्याचा परिणाम काही महिन्यांत दिसतो. आपल्याकडे गॅट्सच्या त्या दोन फेऱ्यांत सात वर्षांचे अंतर होते. आणि गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगावेसे वाटते की ती सर्वेक्षणे करणाऱ्या दोन्ही संस्था, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईत देवनारला हाकेच्या अंतरावर आहेत. देशाची तंबाखू मोजणारे तज्ज्ञ आपल्या राजधानीत आहेत. राज्याने स्वतःचे छोटे वार्षिक सर्वेक्षण त्यांच्या मदतीने सुरू करायला काहीच अडचण नसावी.

पण त्याहूनही सोपी गोष्ट आशाताईंच्या हातात आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली, त्या भरतात. त्यातला तंबाखूचा प्रश्न साधारण असा: तुम्ही धूम्रपान करता का, किंवा गुटखा, खैनी यांसारखे पदार्थ घेता का? उत्तराला तीन चौकटी: कधीच नाही (शून्य गुण), पूर्वी घेत होतो किंवा आता कधीकधी (एक गुण), रोज (दोन गुण).

या एका ओळीत दोन दोष आहेत. पहिला शब्दांचा. खैनी हा शब्द उत्तरेकडचा. साताऱ्या-रत्नागिरीकडची बाई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, कुटून बारीक करते, डबीत भरून ठेवते आणि सकाळी तर्जनीवर घेऊन हिरड्यांना लावते. तिला गुटखा-खैनी विचारले तर ती मनापासून नाही म्हणते. तिच्या लेखी ती तंबाखू खातच नाही, ती दात घासते. दिवसातून एकदा घासणे हळूहळू चार-पाच वेळांवर जाते, जेवणानंतर, भांडी झाल्यावर, झोपताना, आणि तरीही ते तिच्या लेखी दात घासणेच राहते. म्हणून प्रश्न असा हवा: दात कशाने घासता? मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? पुरुषांना नुसते तंबाखू खाता का असे न विचारता मावा, खर्रा, तंबाखू-चुना यांची नावे घेऊन विचारावे. विदर्भात खर्रा म्हटल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. पूर्वी घेणारा आणि आता कधीकधी घेणारा एकाच चौकटीत. ज्याने पाच वर्षांपूर्वी तंबाखू सोडली तो आणि जो लग्नकार्यात अधूनमधून चुना मळतो तो, दोघांना एकेक गुण. म्हणजे किती जणांनी सोडली हे या फॉर्मवरून कधीच कळणार नाही. आणि सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे. ब्रिटनमध्ये आयुष्यात कधीतरी नियमित सिगारेट ओढलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी ती सोडलेली आहे. गॅट्स-२ मध्ये भारतात कधीकाळी रोज ओढणाऱ्यांपैकी सोडलेले १६.८ टक्के, आणि रोज तोंडात तंबाखू धरणाऱ्यांपैकी सोडलेले फक्त ५.८ टक्के. दोन देशांतला खरा फरक या आकड्यांत आहे. तिथे सोडून बसलेल्यांची संख्या ओढणाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेली आहे. आपल्याकडे एकदा लागलेली तंबाखू बहुतेकांच्या बाबतीत सरणावर जाईपर्यंत सुटत नाही.

सोडण्याने काय मिळते याचेही उत्तर ब्रिटनच्याच डॉक्टरांवर पन्नास वर्षे केलेल्या अभ्यासाने दिले आहे. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचे सरासरी दहा वर्षे आयुष्य कमी होते. तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा वर्षे वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. म्हणून चाळिशीच्या आतल्या माणसाला फॉर्म भरून सोडून देणे आणि त्याला आधार देऊन व्यसन सोडवणे यात आयुष्याच्या कित्येक वर्षांचा फरक आहे.

ब्रिटनमधल्या केंद्रांत हे काम कसे होते? आधी एक दिवस ठरतो, त्यानंतर एकही झुरका नाही असा. त्या दिवसानंतर किमान चार आठवडे दर आठवड्याला भेट. सोबत निकोटिनचे पॅच, गम किंवा गोळ्या. चौथ्या आठवड्यात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा) कमी आला तरच सोडली असे लिहितात. आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलले तर एक मोठी फसगत होईल. दिवसातून दहा वेळा मशेरी लावणाऱ्या बाईच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड दोन-तीनच पीपीएम येईल, कारण काही जळलेलेच नाही. यंत्र म्हणेल, व्यसन नाही. तंबाखू तोंडात धरणाऱ्यांसाठी लाळेतले किंवा लघवीतले कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य, तपासावे लागते, आणि माणूस निकोटिन गम घेत असेल तर तेही गमामुळे जास्त येते. तेव्हा गम बंद झाल्यावर आठवड्याभराने तपासणी करावी. तोवर घरच्यांची साक्ष आणि हिरड्यांची नजर-तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

निकोटिन गमाबाबत जे नेहमी चुकते तेही सांगतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली तंबाखू लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम अपुरा पडतो, ४ चा लागतो. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो तो २ चाच. मग माणूस दोन दिवस चघळतो, काही होत नाही म्हणतो आणि पुडीकडे वळतो. दुसरे, तो च्युइंगमसारखा भराभर चावला जातो. लाळ गिळली जाते, निकोटिन पोटात जाते, उचकी आणि मळमळ होते आणि हे औषध मला चालत नाही असे ठरते. बरोबर पद्धत अशी: चरचरीत चव येईपर्यंत हळूहळू चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषले जात नाही. तंबाखूत चुना मिसळतात तेही याच कारणाने: चुन्याने तोंड अल्कधर्मी होते आणि किक लवकर बसते. चुन्याची तीच किक गमात शोधणाऱ्याला सुरुवातीचे आठ दिवस कमीच वाटणार, हे त्याला आधीच सांगितले पाहिजे.

ज्याचे तोंड तीन बोटे उभी जातील इतकेही उघडत नाही त्याला गम देऊच नये. सुपारीने तोंडातल्या आवरणाचा तंतुमय घट्टपणा झालेला असतो. त्याला पॅच द्यावा आणि दंतवैद्याकडे पाठवावे. मशेरी सोडणाऱ्या बायकांमध्ये दोन तक्रारी हमखास येतात. एक, सकाळी पोट साफ होत नाही. निकोटिनने आतड्यांना चालना मिळत होती, ती थांबते. दोन-तीन आठवडे सकाळी गरम पाणी आणि रात्री इसबगोल दिले की ही अडचण टळते, पण कोणी सांगितलेच नाही तर चौथ्या दिवशी डबी पुन्हा उघडते. दुसरी, दाढदुखी. मशेरीने बधीर झालेली किडकी दाढ सोडल्यावर ठणकू लागते. म्हणून सोडण्याची तारीख ठरवण्याआधी ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याने दाढा पाहाव्यात. हे सगळे लहानसहान वाटते, पण माणसे परत फिरतात ती याच ठिकाणी.

गरोदर स्त्रियांचा प्रश्न तर याहून तातडीचा. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्या बहुतेक मशेरीच लावत होत्या. इंग्लंडमध्ये गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत श्वासाची तपासणी करतात. आपल्या पहिल्या भेटीत मशेरीचा एक प्रश्न नक्की बसतो. मशेरीची जाण ब्रिटनला आहे हे पाहून आश्चर्य वाटेल: २०१२ साली आरोग्यविषयक मार्गदर्शिका काढणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने दक्षिण आशियाई लोकांच्या चघळण्याच्या तंबाखूवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि तिच्या यादीत मशेरीचे नाव आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या दवाखान्यासाठी जो शब्द लिहिला गेला तो आपल्या तालुक्याच्या फॉर्मवर नाही.

आता विक्रीकडे. ब्रिटनने दहाची पाकिटे बंद केली ती खिशातल्या सुट्या पैशांत सिगारेट येऊ नये म्हणून. गॅट्स-२ प्रमाणे आपल्या देशात सिगारेट ओढणारे ६८ टक्के लोक सुटी सिगारेट घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, हा निर्णय उत्तम होता. पण टपरीवर दोरीला बांधलेला लायटर अजून लोंबतो आहे आणि शेजारी उघडे पाकीट आहे. सुटी विक्री एकाच वेळी तीन उपाय निकामी करते. कराची वाढ एका कांडीवर रुपया-दोन रुपये होऊन विरते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचे चित्र ग्राहकाला दिसत नाही. आणि २०१८ पासून पाकिटावर छापला जाणारा १८००-११-२३५६ हा मदतीचा क्रमांक, जो सोडू इच्छिणाऱ्याला हवा असतो, त्याच्या हातात कधीच पडत नाही.

खर्ऱ्याचे तर पाकीटच नाही. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटायचा आणि प्लास्टिकच्या पन्नीत बांधायचा. त्यावर ना चित्र, ना कर, ना क्रमांक. गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा उत्पादकांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करते. अन्न व औषध प्रशासनाने नुसते गोदामांवर छापे टाकून हे थांबणार नाही. शाळेच्या शंभर यार्डांतल्या टपऱ्यांची यादी ग्रामपंचायत आणि नगरपालिकेकडे असावी, विक्रीला स्वतंत्र परवाना असावा, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास तो रद्द व्हावा. गडचिरोलीत मुक्तिपथ उपक्रमात गावांनीच विक्री बंदीचे ठराव केले, त्याचा अनुभव राज्यापाशी आहेच.

विडीबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने विडीवरचा दर २८ वरून १८ टक्के करण्याचे ठरवले, तेंदूपत्त्याचा १८ वरून ५. भारतातल्या मोठ्या पाहणीत विडी ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे सहा आणि स्त्रियांचे आठ वर्षे आयुष्य कमी झालेले दिसले आहे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून जास्त झुरके घ्यावे लागतात. सोलापूर, सिन्नर, भंडारा-गोंदियातल्या विड्या वळणाऱ्या बायकांची काळजी आम्हालाही आहे, आणि ब्रिटनपुढे असा प्रश्न कधीच नव्हता. त्यांचा तंबाखू उद्योग कारखान्यांत होता, घराघरांत सुपे मांडीवर घेऊन बसलेला नव्हता. पण कर कमी केल्याने त्यांची मजुरी वाढत नाही, विडी मात्र स्वस्त होते. त्यांना दुसरे काम शिकवण्यासाठी विडीवरच्या कराचाच हिस्सा राखून ठेवावा, असे महाराष्ट्राने परिषदेत मांडावे.

सीबॅक फॉर्मची पुढची छपाई होईल तेव्हा त्यासोबत राज्यापुरती एक जोडपट्टी द्यावी, पाच प्रश्नांची: मशेरी, तंबाखू-चुना, खर्रा, मावा, गुटखा, विडी, सिगारेट यांपैकी काय, दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती मिनिटांत, सोडली असल्यास शेवटची कोणत्या महिन्यात, सोडायला मदत हवी का. शेवटच्या प्रश्नाला हो म्हणणाऱ्याच्या घरी आशाताईंनी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावे आणि त्या भेटींचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. निकोटिन गम २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात २ आणि ४ मिलिग्रॅम दोन्ही ठेवावेत.

आपले,
तंबाखू नियंत्रण आणि व्यसनमुक्तीचे काम करणारे महाराष्ट्रातील डॉक्टर, दंतवैद्य व समुपदेशक